पार्किंगसाठी जीप

लोक आधी गाडी घेतात आणि मग ती उभी कुठे करायची म्हणून सोसायटीशी भांडतात. गुणवंत देवरुखकरांचं उलट झालं. त्यांना आधी पार्किंग लागलं.

शांती नगरातल्या त्यांच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत आणि इमारतीखाली चारचाकीच्या एकोणीस जागा. एखादी जागा रिकामी झाली की तिच्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. या वर्षी सात नंबरची जागा रिकामी झाली आणि नोटीस लागली की इच्छुक सभासदांनी अर्ज भरावा. गुणवंतरावांकडे गाडी नव्हती, पण अर्ज होता. विमा कंपनीच्या वाहन-दावे विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोरा अर्ज घरात पडलेला बघवत नाही. त्यांनी तो काळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात भरला. ‘वाहनाचा प्रकार’ या रकान्यापाशी ते जरा थबकले आणि तिथे त्यांनी ‘प्रस्तावित’ असं लिहिलं.

रविवारी अकरा वाजता गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली. तळमजल्यावरच्या साडेचार वर्षांच्या मुलीने डब्यातून चिठ्ठी काढली. गुणवंत देवरुखकर. प्रतीक्षा यादीसाठी दुसरी चिठ्ठी काढली. शशिकांत, म्हणजे खुद्द सेक्रेटरी. इथे हे नमूद केलं पाहिजे की शशिकांत यांच्या जावयाची पांढरी गाडी गेले आठ महिने सात नंबरवरच ‘तात्पुरती सोय’ म्हणून उभी होती, आणि सभा चालू असतानाही ती तिथेच, सेक्रेटरींच्या पाठीमागे, उभी होती.

“अभिनंदन, गुणवंतराव,” शशिकांत म्हणाले. “गाडी कुठे असते तुमची?”

“घ्यायची आहे.”

“कुठली घेताय?”

चाळीस माणसं वळून बघायला लागली. त्या क्षणी एखाद्या छोट्या, जुन्या, समंजस गाडीचं नाव घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सेक्रेटरी हसले होते. दात न दाखवता, नुसत्या मिशीने.

“फोर बाय फोर,” गुणवंतराव म्हणाले.

“म्हणजे काय?” खजिनदारांनी विचारलं.

“चारों टायर को इंजिन घुमाता है,” पहिल्या मजल्यावरच्या भावेशने खुलासा केला. भावेशचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत सोसायटीत त्याचा शब्द शेवटचा.

“मग बाकीच्या गाड्यांचे किती फिरवतं?” मागून कुणीतरी विचारलं. यावर दहा मिनिटं चर्चा झाली. ती इतिवृत्तात नाही.

इतिवृत्तात आहे तो नियम. ज्याला जागा लागली त्याने साठ दिवसांत स्वतःच्या नावाची चारचाकी तिथे आणून उभी करायची. आरटीओत नाव चढायला वेळ लागतो हे मान्य करून कमिटीने एवढी सवलत दिली की साठाव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता गाडी जागेवर असावी आणि विक्रीचे कागद, सर्व सह्यांनिशी, ऑफिसात जमा असावेत. नसल्यास जागा यादीतल्या पहिल्या माणसाला. नियम वाचला शशिकांत यांनीच, आणि ‘यादीतल्या पहिल्या माणसाला’ या शब्दांवर त्यांचा आवाज विनयाने अगदी खाली आला.

घरी आल्यावर सुचेताबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, “अहो, तुम्ही शेवटची गाडी कधी चालवलीत?”

“लायसन्स चालू आहे माझं.”

“चालू तर पासपोर्टही आहे.”

गुणवंतरावांनी ताटं घेतली. त्यांना हे सांगता आलं नसतं की फोर बाय फोर हा शब्द सभेत तोंडातून निसटला असला तरी पोटात तो बरीच वर्षं होता. दावे विभागात त्यांच्या टेबलावर रोज अपघाताचे जबाब यायचे. ‘समोरून ट्रक आल्याने गाडी रस्ता सोडून खाली गेली.’ ‘वळणाचा अंदाज न आल्याने गाडी रस्ता सोडून ओढ्यात गेली.’ असे हजारो जबाब त्यांनी तपासले होते. राज्यातला प्रत्येक घाट त्यांना नुकसानभरपाईवरून पाठ होता आणि एकही त्यांनी पाहिला नव्हता. हळूहळू त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. रस्ता सोडून खाली नेमकं असतं काय? निवृत्तीनंतर ते दुपारी कानात इअरफोन घालून चिखलातून, नदीतून, दगडांवरून जीप चढवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागले. सुचेताबाईंना वाटायचं, प्रवचन ऐकताहेत.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. गुणवंतरावांनी दोनशे पानी वहीत बावीस निकष लिहिले. जमिनीपासूनची उंची, पुढच्या बंपरचा कोन, किती खोल पाण्यातून जाते, वगैरे. तेविसावा, ‘परवडली पाहिजे’, सुचेताबाईंनी लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. सल्ल्याला तोटा नव्हता. खजिनदार म्हणाले, डिझेल घेऊ नका. त्यांचा भाऊ म्हणाला, डिझेलच घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की लाल रंगाच्या गाडीमागे कुत्री लागतात. भावेश मात्र कामाचा निघाला. त्याने दुकानातून एक लोहचुंबक आणला.

“गुणवंतभाई, मॅग्नेट लगा के देखने का. चिपका तो लोखंड, गिरा तो पुट्टी. पुराना गाडी मां सब पुट्टी ज होय छे.”

भावेशच्या स्कूटरवर बसून दोघं काशीमिऱ्याच्या पुढे एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. तिथल्या जीपभोवती गुणवंतराव दोनदा फिरले. टपावर सहा दिवे, पुढे गाडी ओढायची चरखी, बाजूने वर गेलेली पाण्यात श्वास घ्यायची नळी. भावेशने दारावर चुंबक लावला. तो खाली पडला. बॉनेटवर लावला, पडला. नळीला लावला, तेव्हा नळीच पडली.

गुणवंतराव आत बसले आणि त्यांनी फोर बाय फोरचा दांडा ओढला. तो इतक्या मऊपणे आला की त्यांना संशय आला. खाली वाकून पाहिलं. दांडा फळीला स्क्रूने बसवलेला होता. त्याच्या पुढे काहीच नव्हतं.

“सर, फोर बाय फोर का फील आता है,” दुकानदार म्हणाला. “नब्बे परसेंट कस्टमर को फील ही चाहिए.”

भावेशने बाहेर येऊन निकाल दिला, “लोखंड कम है, मेकअप ज्यादा.”

पुढची जीप उत्तनला. समुद्रावरून होड्या वर ओढायच्या कामाची. मालक सरळ माणूस होता, त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खाऱ्या हवेने आणि खाऱ्या पाण्याने गाडी खालून खाऊन टाकली होती. गुणवंतराव भारदस्तपणे आत चढले आणि त्यांचा उजवा पाय पत्र्यातून आरपार जाऊन घोट्यापर्यंत वाळूत रुतला.

“सांभालून,” मालक म्हणाला. “तिथं मी फली टाकतो. पन एक हाय, बिरेक न्हाय लागला तं पायानं थांबवता येते.”

पाय निघाला. चप्पल निघाली नाही.

तर अशा रीतीने एक पाय अनवाणी ठेवून, स्कूटरच्या मागे बसून, आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मनुष्य उत्तनहून परत येत होता. मुर्ध्याला चपलांचं दुकान दिसलं म्हणून स्कूटर थांबवली. गुणवंतराव नव्या चपलेत पाय घालून बघत असताना भावेश दुकानामागे गेला आणि तिथूनच ओरडला, “गुणवंतभाई, इधर आओ. चप्पल छोडो.”

मागे गोठा होता. गुरं केव्हाच गेली होती. ताडपत्रीखाली एक हिरवी, ठेंगणी, चौकोनी जीप उभी होती. मेकअप काहीच नव्हता. भावेशने चुंबक लावला. तो असा बसला की काढायला दोघं लागले.

दुकान आणि गोठा दोन्ही पंढरीनाथांचे. साठीचा, उघड्या अंगाचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला माणूस. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं आणि भातशेती, आता चाळीच्या खोल्या आणि पाण्याचा टँकर.

“आमचे बापाची गारी,” ते म्हणाले. मुर्ध्याच्या बोलीत गाडीची गारी होते आणि गोड्या पाण्याचं गोरं. “नाथाशेटची. मिठागरावरशी आला का पयली गारी धुवायचा, गोऱ्या पान्यानं. मंग जेवायचा. आमाला कदी न्हाय धुतला यवरा.”

दुसऱ्या चावीला इंजिन सुरू झालं. फोर बाय फोरचा दांडा ओढला तर तो खरोखरच्या लोखंडासारखा कुरकुरला. बावीसपैकी एकोणीस निकष जागेवर जुळले आणि पाव तासात सुचेताबाईंच्या दोन रेघांच्या आतला सौदा ठरला. तो अकरावा दिवस होता. गुणवंतराव एका पायात जुनी आणि एका पायात नवी चप्पल घालून घरी आले आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

आरटीओच्या बाहेर छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसणारा निकेत नावाचा एजंट होता. त्याने आरसी पाहिली.

“हे नाथाशेट कुठायत, काका?”

“वारले. चार वर्षं झाली.”

“आणि गाडी?”

“ती उत्तम चालते.”

“उलट असतं तर बरं झालं असतं,” निकेत हळहळून म्हणाला. “मालक असता आणि गाडी गेली असती, तर एका सहीत काम होतं. आता वारस आले. किती आहेत?”

पाच होते. चार भाऊ आणि एक बहीण. चौघांनी स्टँप पेपरवर लिहून द्यायचं की गाडी पंढरीनाथांच्या नावावर करायला आमची हरकत नाही, मग पंढरीनाथांनी ती गुणवंतरावांना विकायची. गुणवंतरावांना वाटलं, चार सह्या, चार दिवस. शांती नगरात राहणाऱ्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. तिथे लोक कुरिअरवाल्याच्या फोनवर बोटानेसुद्धा सही करून देतात.

मुर्ध्यात तसं नाही. खाडीकाठच्या जमिनीवर इमारती यायला लागल्यापासून तिथल्या घरांत कुणी सहजासहजी सही करत नाही. लग्नपत्रिकेवर नाव घालायचं तरी विचारतात, कुठल्या कारणासाठी. दुसऱ्या नंबरच्या भावाने कागद वकिलाला दाखवायला घेतला आणि वकील गावी गेला होता. तिसऱ्या भावाला शंका आली की जीप ज्या गोठ्यात उभी आहे तो गोठा कोर्टात दावा चाललेल्या जमिनीवर आहे, तेव्हा जीप विकल्याने गोठ्यावरचा ताबा तर जात नाही ना. यासाठी तलाठ्याकडून सात-बारा आणावा लागला. चौथा भाऊ लगेच तयार झाला, पण दुसऱ्याने सही केल्यावर, आणि दुसरा म्हणत होता चौथ्याने केल्यावर. शेवटी पंढरीनाथांनी दोघांना एका बाकड्यावर बसवलं, हातात एकेक पेन दिलं आणि एक-दोन-तीन म्हटलं.

गुणवंतराव या काळात रोज मुर्ध्याला जात होते. सह्यांची चौकशी करायची आणि पंढरीनाथांच्या अंगणात जीप चालवायची सवय करायची. अंगणात मधोमध विहीर होती. त्यामुळे ते विहिरीभोवती गोल गोल फिरत, नेहमी पहिल्या गिअरमध्ये, नेहमी डावीकडून, आणि नेहमी पुढेच.

सत्तेचाळिसाव्या दिवशी एकच सही उरली. पुष्पलताबाईंची. त्या उत्तनला दिल्या होत्या.

“ती न्हाय करनार,” पंढरीनाथ म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. विहिरीकडे बघत राहिले.

पुष्पलताबाईंनीच सांगितलं. गुणवंतराव सुचेताबाईंना बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले होते. बाई चौसष्टच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. चहा झाला, पापड झाले, मग त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

“पंढरीनाथ बोलला व्हता, अक्का, हितं सही कर, फॉर्मॅलिटी हाय. केली. मंग समजलं, खाजनातला माजा वाटा सोरून दिला मी.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली. “तवापासून मी फॉर्मॅलिटी करत न्हाय.”

“पण ताई, ही गाडी आहे,” गुणवंतराव म्हणाले. “जमीन नाही.”

“गारी मना नको दादा. तुमी न्या. पन बाबा मना दर रविवारी तिच्यात बसवून उघारीवर न्यायचा.” उघाडी म्हणजे बांधाच्या टोकाची लाकडी झडप, जी वर केली की खाडीचं पाणी मिठागरात येतं. “पोरं न्हाय यायची, मी जायची. लग्न झाल्यावरपन मना न्यायला यायचा. आता माजे गुडगे गेले, रिक्षा तिथं जात न्हाय. एकदा तिथं घेऊन चला. तिथं बसून सही करीन.”

घरी येताना बसमध्ये सुचेताबाई म्हणाल्या, “अहो, त्यांना न्यायचंच.”

“नाहीतर सही कशी मिळणार?”

“सही नाही मिळाली तरी.”

गुणवंतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बायका एका चहात बाजू कशी बदलतात, यावर त्यांच्या वहीत निकष नव्हता.

मध्ये पुष्पलताबाईंच्या यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग त्यांच्या डोळ्यांत दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. बाईंना सवड मिळाली ती थेट गुरुवारी, दुपारी तीनला. तो साठावा दिवस होता.

शशिकांत बुधवारी संध्याकाळी स्वतः घरी येऊन गेले. “घाई काहीच नाही, गुणवंतराव. फक्त उद्या सहा वाजता मी खाली असेन. जावयाला सांगून ठेवलंय, गाडी काढावी लागली तर काढायची. नाही लागली, तर नाही.” जाता जाता त्यांनी चौकटीवर टिचकी मारली आणि म्हणाले, “चारही टायर फिरतायत ना?”

गुरुवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी जीप मुर्ध्याहून निघाली. चालवायला गुणवंतराव, शेजारी पुष्पलताबाई, मागे सुचेताबाई आणि भावेश. भावेशने पन्नास फूट नायलॉनचा दोर आणला होता. न वापरता परत आला तर दुकानात पुन्हा ठेवायचा, म्हणून त्याचं लेबल त्याने काढलं नव्हतं. पंढरीनाथ वाटेच्या तोंडापर्यंत चालत आले आणि तिथेच थांबले. बहीण गाडीत होती. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

डांबर संपलं. पुढे गवताची पायवाट, डाव्या हाताला तिवरांची झाडं, उजवीकडे ओसाड मिठागरं आणि मधून गेलेला मातीचा बांध. गुणवंतरावांनी गाडी थांबवली, कपाळ पुसलं आणि फोर बाय फोरचा दांडा ओढला. दांडा कुरकुरला. त्यांनी हळूच क्लच सोडला.

पहिले तीनशे फूट हा माणूस काय अनुभवत होता ते लिहून सांगणं कठीण आहे. गाडी हेलकावत होती, मागे भावेशचं डोकं टपाला लागत होतं आणि गुणवंतराव स्टिअरिंग घट्ट धरून, दात विचकून, हसत होते. सुचेताबाईंनी आरशातून ते पाहिलं. लग्नाच्या फोटोतसुद्धा तसे दात दिसत नाहीत.

मग बांध जिथे रुंद होतो, जिथे पूर्वी मिठाच्या राशी लावायचे, तिथल्या चिखलात जीप बसली. गुणवंतरावांनी जोर दिला. मागची चाकं गरगर फिरली आणि भावेशच्या शर्टावर खाडीचा काळा चिखल आला. पुढची चाकं गप्प.

“गुणवंतभाई, ये तो दो ही घूम रहे हैं.”

“दांडा लावलाय मी.”

“दांडा लगाया, टायर को मालूम नहीं.”

दोर बांधून ओढायचं ठरलं, पण ओढायला समोर काही नव्हतं. भावेशने दोर कमरेला बांधून ओढून पाहिलं. त्यात तो स्वतः गुडघ्यापर्यंत गेला आणि सुचेताबाईंना त्यालाच ओढावं लागलं. लेबल त्या झटापटीत सुटून चिखलात गेलं. गुणवंतरावांनी वहीतले बावीस निकष पहिल्यापासून वाचले. रुतल्यावर काय करायचं, हे त्यांत नव्हतं. पाच वाजले. शांती नगरला इथून पाऊण तास.

पुष्पलताबाई इतका वेळ छत्री मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. “दादा,” त्या म्हणाल्या, “तुमी चाकाचं कान न्हाय पिलले?”

“काय?”

“बाबा हितं आला का उतरायचा. म्होरच्या दोनी चाकांचं कान पिलायचा. मंग वर चरून बोलायचा, आता ऐकंल.”

“हे पंढरीनाथांनी नाही सांगितलं.”

“त्याला कसं म्हाईत. तो कुठं यायचा.”

गुणवंतराव चिखलात उतरले. पुढच्या चाकाच्या मधोमध, मातीने लिंपलेली, तळहाताएवढी एक चकती होती. त्यांनी ती रुमालाने पुसली. वर दोन खुणा होत्या, एक चाक सुटं ठेवायची, एक इंजिनाला जोडायची. व्हिडिओतले लोक हे करत असतीलही. पण त्या वेळी गुणवंतराव नेहमी व्हिडिओ पुढे सरकवून चिखल उडण्याकडे जात. त्यांनी चकती धरून पिळली. आत काहीतरी खट्‌कन बसलं. दुसऱ्या चाकाचीही पिळली. वर चढले, क्लच सोडला, आणि चारही चाकं एकदम, एका समजुतीने, फिरली. जीप हत्तीसारखी अंग सावरत चिखलातून वर आली.

भावेशने टाळ्या वाजवल्या. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुष्पलताबाईंनी पुढे पाहिलं. उघाडी अजून चार-पाचशे फूट दूर होती. मग त्यांनी सुचेताबाईंच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“ताईंनी सांगितलं मना, तुमाला सा वाजता पोचायचं हाय. द्या कागद. हितंच करते सही. गारी हितं वलते, म्होरं बांद बारीक हाय, न्हाय वलनार.”

त्यांनी पर्समधून पेनसुद्धा काढलं. भावेशने पिशवीतून कागद काढून पुढे केले. आता वळलं, तर सहाला पाच कमी असताना सोसायटीच्या गेटातून हिरवी जीप आत शिरली असती. शशिकांत घड्याळ बघत उभे असते. जावयाला किल्ली घेऊन धावत यावं लागलं असतं. हे सगळं गुणवंतरावांना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे अर्धं वळवलंही.

बाई कागद मांडीवर घेऊन चष्मा शोधत होत्या. त्या पुढे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या.

“तुम्ही वाचल्याशिवाय सही करणार?” गुणवंतरावांनी विचारलं.

“दोनदा वाचलाय.”

“तिथे बसून तिसऱ्यांदा वाचा,” ते म्हणाले, आणि स्टिअरिंग सरळ केलं.

 मागून भावेश म्हणाला, “पार्किंग गया.” मग म्हणाला, “जाने दो. वैसे भी सात नंबर में ऊपर से पानी टपकता है.”

उघाडीवर बघण्यासारखं काही नव्हतं. कुजलेली लाकडी झडप, दगडी कट्टा, खाडीचं पाणी, आणि पलीकडे भाईंदरच्या बाजूच्या अर्धवट इमारतींच्या क्रेन. पुष्पलताबाईंना दोघांनी धरून उतरवलं. त्या कट्ट्यावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय खाली सोडले. बराच वेळ बसल्या. मग कागद तिसऱ्यांदा, पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत वाचला, आणि छत्रीच्या सावलीत पूर्ण नाव लिहून सही केली. माहेरच्या नावासकट.

सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. शशिकांत.

“गुणवंतराव, मी खाली उभा आहे. गाडी कुठपर्यंत आलीय?”

गुणवंतरावांनी जीपकडे पाहिलं. ती दारांपर्यंत काळी झाली होती. बॉनेटवर एक बगळा येऊन बसला होता.

“शेवटपर्यंत आलीय,” ते म्हणाले. “जावयांना सांगा, गाडी हलवू नका.” आणि त्यांनी फोन ठेवला. आपण सेक्रेटरींचा फोन त्यांच्या आधी ठेवला, हे त्यांना ठेवल्यावर जाणवलं आणि बरं वाटलं.

ते बरं वाटणं जेमतेम मिनिटभर टिकलं. सगळे जीपमध्ये बसले, इंजिन सुरू झालं, आणि गुणवंतरावांनी समोर पाहिलं. समोर खाडी होती. डावीकडे खाडी होती. उजवीकडे मिठागर होतं. बांध जीपपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद होता.

“रिव्हर्स,” भावेश म्हणाला.

“हो.”

“पाँचसौ फीट.”

“हो.”

“आपने कभी रिव्हर्स किया है?”

गुणवंतराव गिअरच्या दांड्याकडे बघत राहिले. उलट्या गिअरची जागा दांड्याच्या मुठीवर कोरलेली होती, पण नाथाशेटच्या हाताने ती कधीच गुळगुळीत झाली होती.

सुचेताबाईंनी पुष्पलताबाईंची छत्री घेतली, पदर खोचला आणि मागून खाली उतरल्या. बांधाच्या मधोमध, जीपच्या मागे दहा पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. छत्री मिटलेली, काठीसारखी हातात धरलेली. त्यांचा हात वर झाला.

“हं. येऊ द्या.”

गिअर तिसऱ्या प्रयत्नात पडला. जीप एक फूट मागे आली.

“येऊ द्या. येऊ द्या. सरळ. अहो, सरळ. तिकडे पाणी आहे. थोडं माझ्याकडे.”

“तुझ्याकडे म्हणजे डावीकडे की उजवीकडे?” खिडकीतून मान बाहेर काढून गुणवंतरावांनी ओरडून विचारलं.

“डावं-उजवं बघू नका,” सुचेताबाई मागे मागे चालत म्हणाल्या. “माझ्याकडे बघा.”